शोधनिबंध, मार्गे वारंगा फाटा

नांदेडहून निघालेली एसटी अर्धापूर मागं टाकून वारंगा फाट्याला आली की रस्त्याचे दोन रस्ते होतात. एक आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला आणि पुढं अकोल्याकडं जातो. दुसरा हदगाव, उमरखेड करत यवतमाळ-नागपूरकडं. प्रवाशापुढं मात्र एकच प्रश्न असतो: खिचडी खायची की नुसत्या चहावर भागवायचं? वारंग्याची खिचडी या भागात इतकी नावाजलेली आहे की ‘दहा मिनिटं थांबेल’ असं कंडक्टरनं बजावलं तरी गाडी वीस मिनिटं थांबणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कंडक्टरलाही भूक असते.

दिवाळी सरली की या फाट्यावर आणखी एक प्रकार दिसू लागतो. कॉलेजची पोरं-पोरी काखेत फ्लेक्सची लांब गुंडाळी, हातात थर्माकोलचं काहीतरी नाजूक प्रकरण आणि चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेचे भाव घेऊन नांदेडच्या गाडीची वाट बघत उभी असतात. आपल्याकडं गुंडाळलेला फ्लेक्स म्हणजे कोणाचा तरी वाढदिवस, नाहीतर कोणाची तरी निवड, नाहीतर कोणीतरी वारलेलं. त्यामुळं बाकावर बसलेले मामा चौकशी करतातच.

“कोणाचा वाढदिवस हाय रे?”

“वाढदिवस नाही मामा, पोस्टर हाय. आविष्कारला चाललो.”

“आविष्कार म्हंजे कोणाचा पोरगा?”

आविष्कार हा कोणाचा पोरगा नाही. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ साली सुरू झालेली ती महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. आधी जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य. भाषा आणि मानव्यविद्यांपासून शेती, औषधनिर्माण, अभियांत्रिकीपर्यंत सहा गट. पदवीच्या पोरांपासून पीएचडीवाल्यांपर्यंत वेगवेगळ्या पायऱ्या. आमच्या बाजूची पोरं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. ते १९९४ चं, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे सांभाळणारं. आपण काहीतरी शोधलं आणि एका अनोळखी माणसानं समोर उभं राहून ते पाच मिनिटं ऐकलं, हा अनुभव खेड्यातल्या पोराला देणारी दुसरी जागा जवळपास नाही. मला या स्पर्धेबद्दल आदर आहे. आदर आहे म्हणूनच थोडी चेष्टा करायची हिंमत होते.

स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरलं की पहिलं दर्शन हळदीचं होतं. हळदीचे औषधी गुण, हळदीचे आर्थिक गुण, हळद आणि महिला सक्षमीकरण, हळदीपासून बॅटरी. वसमतची बाजारपेठ शेजारी, २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं. तेव्हा हळद असणारच. पण त्यांतली बरीच पोस्टरं अशा पोरांची असतात ज्यांच्या घरी हळद शिजते, वाळते, पॉलिशला जाते, आणि पोस्टरवर मात्र इंटरनेटवरून उतरवलेलं कर्क्युमिनचं रासायनिक सूत्र असतं. बापाच्या कुकरला एका खेपेला किती लाकूड लागतं हे विचारलं तर पोरगं गांगरतं. तो प्रश्न सिलॅबसमध्ये नाही.

परीक्षकांचे प्रश्न दोनच. एक, “सॅम्पल साईझ किती?” दोन, “याचा समाजाला उपयोग काय?” पहिल्याचं उत्तर शंभर. ते कायम शंभरच असतं, कारण शंभराची टक्केवारी काढायला सोपी जाते. दुसऱ्याचं उत्तर “जनजागृती”.

हे शंभर लोक येतात कुठून, तर होस्टेलच्या तीन नंबरच्या खोलीतून. प्रश्नावली वाटली जाते, आठ जण गाद्यांवर आडवे पडून प्रत्येकी बारा-तेरा शेतकरी होतात. एक पोरगा पंचावन्न वर्षांची अल्पभूधारक विधवा होतो आणि पीकविम्याबाबत ‘अंशतः समाधानी’ असतो. दुसरा ट्रॅक्टरमालक. मग त्यावर पाय चार्ट निघतो, आणि तो चार रंगांत इतका देखणा निघतो की खोटा आहे असं म्हणायची छाती होत नाही.

विषय निवडण्याची रीतही ठरलेली आहे. पोरगं विचारतं, “सर, विषय कोणता घेऊ?” सर स्टाफरूमच्या खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, “सोशल मीडिया घे.” मग त्या दोन शब्दांवर कापडं चढतात. ‘ग्रामीण भागातील महाविद्यालयीन युवकांवर सोशल मीडियाचा होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : कळमनुरी तालुका)’. ‘चिकित्सक’ हा शब्द काढून टाकला तरी आतलं एक वाक्यही बदलत नाही, आणि ‘विशेष संदर्भ’ म्हणजे लेखकाच्या घरापासून त्याच्या मामाच्या गावापर्यंतचा टापू. निष्कर्ष आधीच ठरलेला: परिणाम चांगलेही होतात आणि वाईटही होतात.

आता नव्या शैक्षणिक धोरणानं फील्ड प्रोजेक्ट, रिसर्च प्रोजेक्ट हे शब्द पदवीच्याच अभ्यासक्रमात आणून बसवले. चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. म्हणजे संशोधन आता हौसेचं राहिलं नाही, क्रेडिटचं झालं. याचा सगळ्यांत आधी अभ्यास कोणी केला असेल तर कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं. माझ्या मते तो या भागातला सर्वांत अनुभवी मार्गदर्शक आहे. त्याच्याकडं सगळ्या शाखांचे प्रकल्प आहेत, स्पायरल बाइंडिंगसकट. “इतिहासाचा पायजे का इकॉनॉमिक्सचा? नाव-रोल नंबर सांगा.” तो मुखपृष्ठ बदलतो, ऋणनिर्देशात सरांचं नाव बदलतो, आणि घाई असली तर तेवढ्यावरच थांबतो. मग पान सतरावर एखाद्या लातूरच्या गावाचा सरपंच कळमनुरी तालुक्यात येऊन आभार मानून जातो. एकाच गोष्टीत झेरॉक्सवाला बऱ्याच मार्गदर्शकांच्या वरचढ आहे. तो ठरलेल्या वेळी भेटतो.

हे झालं शोधण्याचं. खरा बाजार छापण्याचा आहे.

तो मोबाईलवर भरतो. रात्री साडेदहाला ग्रुपवर संदेश पडतो: आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय पीअर रिव्ह्यूड संदर्भित मासिक, आयएसएसएन क्रमांक आहे, इम्पॅक्ट फॅक्टर सात पूर्णांक काहीतरी, शेवटची तारीख आज, अंक उद्या. कला, वाणिज्य, विज्ञान, कायदा, शारीरिक शिक्षण, योग आणि गृहविज्ञान, सर्व विषयांचे लेख स्वीकारले जातील. सोबत क्यूआर कोड. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट लेखाच्या आधी पाठवायचा, लेख मागाहून आला तरी चालतो. ई-सर्टिफिकेट मोफत, म्हणजे ज्याचे पैसे घेतले तेच मोफत.

पोरांना इथं कोणी दोन गोष्टी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक आहे, मोटारसायकलच्या नंबरप्लेटीसारखा. गाडी कोणाची ते कळतं, चालवणाऱ्याला चालवता येते की नाही ते कळत नाही. अर्ज केला की मिळतो, गुणवत्तेची परीक्षा त्यात नाही. आणि इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा इतरांनी या वर्षी सरासरी किती वेळा उल्लेख केला त्याचा आकडा. जे मासिक गेल्याच महिन्यात जन्माला आलं त्याला दोन वर्षांचा हिशोब कुठून आला, हा प्रश्न विचारायला गणित विषय लागत नाही.

असल्या मासिकांची परीक्षा घ्यायची कल्पना बाहेरच्या जगालाही सुचली होती. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकारानं एक मुद्दाम चुकांनी भरलेला खोटा शोधनिबंध पैसे घेऊन छापणाऱ्या ३०४ जर्नलांकडं पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्याहून थोर घटना पुढच्या वर्षीची. असल्या मासिकांच्या ईमेलना वैतागून दोन अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी एक निबंध रचला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच वाक्य, ‘मला तुमच्या यादीतून काढा’ या अर्थाचं, पण मधे एक अस्सल शिवी घातलेलं. आकृत्यांमध्येही तेच वाक्य. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्राध्यापकानं तो निबंध उत्तर म्हणून एका मासिकाला धाडून दिला. मासिकानं तो स्वीकारला आणि १५० डॉलर मागितले. यादीतून नाव काढलं की नाही ते कळलं नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, मान्य जर्नलांची यादी केली. यादीत एवढं काहीबाही शिरलं की मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावं एका फटक्यात उडवावी लागली. मग २०१९ मध्ये केअर नावाची नवी यादी आली. लगेच तिच्यातल्या मासिकांच्या नावासारख्याच नावांची जुळी भावंडं इंटरनेटवर जन्मली. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती यादीही बंद केली आणि चांगलं-वाईट आता संस्थांनीच ठरवावं असं सांगितलं. पीएचडीच्या पोरांना प्रबंध देण्याआधी एक लेख छापून आणण्याची सक्ती २०१६ च्या नियमांत होती, ती २०२२ च्या नियमांत गेली. नियम गेला, सवय राहिली. ‘पेपर आला का?’ हा प्रश्न ‘लग्न ठरलं का?’ या प्रश्नाच्या सुरात अजून विचारला जातो.

पीअर रिव्ह्यू म्हणजे काय ते शिकायला आमच्या पोरांना खरं तर इंग्रजी मासिकाकडं जायची गरज नाही. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी याच हिंगोली जिल्ह्यातलं. कथा सगळ्यांना पाठ आहे. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना विचारलं, यातली मडकी पक्की कोणती आणि कच्ची कोणती ते सांगा. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले, आणि निकाल लागला: हे मडकं कच्चं.

या प्रसंगात समीक्षेचे सगळे नियम पाळलेले आहेत. परीक्षक त्याच विद्येतला, तोही स्वतःच्या हातानं मडकी भाजणारा. लेखक कितीही प्रसिद्ध असला तरी थापटणं तेवढ्याच जोरानं. नोंदणी फी नाही. ४८ तासांत स्वीकृतीपत्र नाही. आणि नकारानंतर नामदेवांनी काय केलं? त्यांनी दुसरं सोपं मंडळ शोधलं नाही. ते मार्गदर्शकाच्या शोधात औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले, म्हणजे पुन्हा याच जिल्ह्यात. विसोबा देवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले सापडले. मार्गदर्शक पहिल्या भेटीत झोपलेला सापडणं ही परंपरा तेव्हापासूनची असावी.

हल्लीच्या समीक्षेत पुष्कळदा परीक्षकाला लेखकाचं नाव कळू देत नाहीत, त्याचाही नमुना मराठीत आहे. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपलं नाव बघून कोणी भारावू नये म्हणून. अक्षर ओळखू येईल या शंकेनं ती बायकोच्या हातानं उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. आमच्याकडं उलट असतं. लेखाच्या डोक्यावर आधी सरांचं नाव, मग सरांच्या मित्राचं, ज्यांच्या लेखावर मागच्या महिन्यात सरांचं नाव होतं, आणि तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरात ज्यानं लिहिलं तो पोरगा.

आता कोणी म्हणेल, नारळीकर केंब्रिजचे, नामदेव संत. पोरांनी कोणाकडं बघायचं? त्यांनी देवळालीच्या कापरेकर मास्तरांकडं बघावं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात विद्यार्थी असताना, १९२७ साली, त्यांना स्वतंत्र संशोधनासाठी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. पुढं पदव्युत्तर शिक्षण नाही, पीएचडी नाही, प्रयोगशाळा नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. फावल्या वेळात आकड्यांशी खेळायचे, पुस्तिका पदरमोड करून छापायचे. देशातले बरेच गणिती त्यांच्याकडं गमत्या माणूस म्हणून बघत. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण मांडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठं जगाला देवळाली माहीत झाली.

तो गुण फाट्यावर गाडीची वाट बघताना तिकिटाच्या पाठीवर तपासता येतो. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला ते साल घ्या, १९९९. आकडे उतरत्या क्रमानं लावा, ९९९१. चढत्या क्रमानं, १९९९. वजा करा, ७९९२. पुन्हा तेच: ९९७२ वजा २७९९, उरले ७१७३. मग ७७३१ वजा १३७७, झाले ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. शेवटी ८५३२ वजा २३५८, आणि बसलात ६१७४ वर. आता कितीही वेळा करा, तिथंच राहाल. चारही आकडे सारखे नसले की कोणत्याही चार आकडी संख्येचं फार तर सात पायऱ्यांत हेच होतं. याला सॅम्पल साईझ शंभर लागला नाही, क्यूआर कोड लागला नाही. समाजाला उपयोग काय, असं परीक्षकानं विचारलं असतं तर मास्तरांची पंचाईत झाली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोराला आधी प्रश्न पडू द्यावा. छापायचं कुठं ते नंतर. आणि प्रश्नांची या फाट्यावर टंचाई नाही. ते पायाखाली गुरगुरताहेत, अगदी शब्दशः. वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या कित्येक गावांना जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षं ऐकू येतात. वर्तमानपत्रं त्यांना ‘गूढ आवाज’ म्हणतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा ‘गूढ आवाज’ म्हणतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, दहा-बारा मिनिटांत ३.६ चा दुसरा. १० जुलैला पुन्हा ४.५, केंद्र कळमनुरी तालुक्यातच. सगळा तालुका अंगणात उभा होता आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. त्या मोबाईलनं काय केलं? स्टेटस ठेवलं.

आता गंमत बघा. भूकंप जाणवण्याची तीव्रता मोजणारी मर्काली नावाची बारा पायऱ्यांची मापनपद्धती आहे. तिला यंत्र लागत नाही. मांडणीवरची भांडी वाजली का, टांगलेला दिवा हलला का, झोपलेला माणूस उठला का, भिंतीला तडा गेला का, यावरून पायरी ठरते. म्हणजे आजीच्या स्वयंपाकघरातली फळी हेच उपकरण. पाच गावांत पाच पोरींनी वर्षभर एक वही ठेवली, तारीख, वेळ, आवाज कुठल्या बाजूनं आला, काय हललं, एवढंच लिहिलं, तर त्या वहीसाठी भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक हैदराबादेहून खिचडी खायला येईल. पण पोरी म्हणतात, “सर, ह्याच्यावर मटेरियल नाही भेटत.” मटेरियल भेटत नाही म्हणूनच तर ते संशोधन आहे, हे वाक्य फळ्यावर लिहून वरून काच बसवली पाहिजे.

याच जिल्ह्यात, औंढ्याजवळच्या दुधाळ्याला, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मंजुरी, २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकं हलणं. जिथं शेजारच्या डीजेनं खिडकीची काच थरथरते तिथं! अमेरिकेतल्या लायगोनं गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या त्या शोधनिबंधावर हजाराहून अधिक लेखकांची नावं आहेत. आमच्या दोन सरांमध्ये पहिलं नाव कोणाचं यावरून वर्षभर अबोला असतो, त्यांनी ती यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

दुधाळ्याच्या पोराला या यंत्राबद्दल शिकायचं तर सध्या पुण्याच्या आयुकाकडं बघावं लागतं. या प्रकल्पातली ती एक संस्था, नारळीकरांनी उभी केलेली. तिथं आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना कामाला घेतात. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी आणि तिच्या दोन भगिनी अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिने देशभरच्या प्रयोगशाळांत पाठवतात, वर विद्यावेतन आणि गाडीभाडंही देतात. हे ऐकून आमच्या मामांना पहिला संशय येतो तो फसवणुकीचा. पोरगं काम शिकणार आणि पैसे तेच देणार? दुसरीकडं क्यूआर कोडवाल्या मासिकावर त्यांचा विश्वास असतो, कारण तिथं रीतसर पैसे जातात.

अर्जातली मोठी अडचण ईमेलची. आमचं पोरगं ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ असा मायना घालतं, म्हणजे समोरचा कोण आहे ते त्यानं बघितलेलं नाही हे पहिल्याच ओळीत सिद्ध होतं. पुढं ‘तुमच्या महान संशोधनानं मी लहानपणापासून प्रभावित आहे’, आणि हे एकाच वेळी साठ प्राध्यापकांना, साठही पत्ते एकमेकांना दिसतील असे. शेवटी ‘कोणताही विषय चालेल’. कोणताही विषय चालणारा माणूस मासिकाला चालतो, प्रयोगशाळेला चालत नाही. त्यापेक्षा एका प्राध्यापकाचा एकच लेख वाचावा. सगळा कळणार नाही, कोणालाच कळत नाही. त्यातली एक आकृती का कळली नाही ते चार ओळींत विचारावं, आणि आपल्या वहीची दोन पानं जोडावीत. उत्तर येईलच असं नाही. पण अशा पत्राला उत्तर द्यावंसं तरी वाटतं.

शिफारसपत्राचीही गंमत आहे. सरांकडं गेलं की सर म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.” मग इतर वेळी आईसमोरही मान वर न करणारं पोरगं रात्री बसून लिहितं की माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात इतका तेजस्वी विद्यार्थी मी पाहिला नाही. सर न वाचता सही करतात. दुसऱ्या दिवशी दुसरं पोरगं येतं, त्या तीस वर्षांत तेही तेवढंच तेजस्वी निघतं. सरांनी स्वतः चार खऱ्या ओळी लिहिल्या, की हा मुलगा वही नीट ठेवतो आणि चुकलं तर सांगतो, तर निवड करणाऱ्याला त्या जास्त कामाच्या.

आणि सगळं इंग्रजीतच छापलं पाहिजे असं कोणी सांगितलं? मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ आहे, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं ‘नवभारत’ आहे, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे. ‘काय करूलालास’ आणि ‘कुठं जाऊलालास’ ही नांदेड-हिंगोलीची क्रियापदं कोणत्या गावापर्यंत ऐकू येतात आणि कुठं बंद पडतात, हे वारंगा फाट्यावर हदगावच्या आणि बाळापूरच्या प्रवाशांमध्ये बसून महिनाभर नुसतं ऐकलं तरी एक चांगलं टिपण होईल. विज्ञानाच्या पोरांसाठी भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ १९९६ पासून निघतं, खास विद्यार्थी-शिक्षकांसाठीच. तिथं नकार मिळाला तर कारण कळण्याची आशा असते, आणि नकाराचं कारण हे शंभर ई-सर्टिफिकेटांपेक्षा महाग असतं.

तेव्हा पोरींनो, पोरांनो, अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज बहुधा नोव्हेंबरअखेर बंद होतात. त्यासाठी सरांचं पत्र लागतं, ते दिवाळीआधी मागून ठेवा. दिवाळीनंतर सर पेपर तपासायला गेलेले असतात.